वाद्यशिक्षण, दूरस्थ
वाद्यशिक्षण, दूरस्थ : शिक्षक व विद्यार्थी एका जागी नसताना मुद्रित पुस्तक, ध्वनिमुद्रण, चित्रफीत किंवा आंतरजाल यांसारख्या माध्यमाद्वारे दिले जाणारे वाद्यवादनाचे शिक्षण. आंतरजालावरील चित्रमुद्रित पाठ, म्हणजेच चित्रपाठ, हे एकविसाव्या शतकातील त्याचे सर्वांत प्रसृत रूप होय. वाद्य शिकणाऱ्यास तीन गोष्टींची गरज असते : काय वाजवायचे याचा क्रम, ते कसे ऐकू यावे याचा नमुना आणि हात कसा चालवावा याचे दर्शन. चौथी गरज चूक होताच ती दाखवून देणाऱ्या जाणकाराची. पहिल्या तीन गोष्टी गुरुगृहाबाहेर एकामागून एक कशा आल्या आणि चौथी कितपत येऊ शकली, हा या शिक्षणाच्या इतिहासाचा मुख्य विषय आहे.

पूर्वपीठिका : यूरोपात अठराव्या शतकात वादनशिक्षणाचे प्रमाणभूत ग्रंथ निर्माण झाले. योहान क्वांट्सचा बासरीवरील (१७५२), कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखचा कळफलकवाद्यांवरील (१७५३) आणि लेओपोल्ट मोट्सार्टचा व्हायोलिनवरील (१७५६) हे त्यांपैकी प्रमुख ग्रंथ होत. लेओपोल्ट मोट्सार्टच्या ग्रंथात गज धरण्याच्या योग्य पद्धतीबरोबरच सदोष पद्धतीचेही चित्र दिलेले आढळते. शिक्षक समोर नसताना विद्यार्थी कोठे चुकेल, हे आधीच ओळखून त्याला सावध करण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या चित्रपाठांतील ‘नेहमी होणाऱ्या चुका’ या भागाचे मूळ अशा ग्रंथांत दिसते.

भारतात वाद्यविद्या मुख्यत्वे गुरुमुखातून व घराण्यांतून चालत आली. गंडाबंधनानंतर शिष्य गुरूच्या सहवासात राही, सेवा करी आणि ऐकून, पाहून व अनुकरण करून शिके. या पद्धतीने वादनातील अत्यंत सूक्ष्म बारकावे पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. तथापि कुटुंबाबाहेरच्या, दूर राहणाऱ्या, निर्धन तसेच प्रतिष्ठित समजल्या जाणाऱ्या घरांतील स्त्रियांना तिचे दार बहुधा बंद राही. खास बंदिशी व गती परक्यास न देण्याकडेही अनेक घराण्यांचा कल असे.

हे दार प्रथम मुद्रणाने किलकिले केले. बंगालमध्ये क्षेत्रमोहन गोस्वामी व सौरींद्रमोहन टागोर (१८४०–१९१४) यांनी स्वरलेखनाचा पुरस्कार केला; टागोरांचा यंत्रक्षेत्रदीपिका हा सतारीवरील ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे गायन समाज १८७४ मध्ये स्थापन झाला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष (१८३३–९६) यांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली व स्वरलेखनाच्या आधारे शिक्षण दिले. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ मध्ये लाहोर येथे स्थापिलेल्या गांधर्व महाविद्यालयाने आणि विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या क्रमिक पुस्तकांनी अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तक व परीक्षा ही चौकट रूढ केली. मात्र मींड, गमक, बोटाचा दाब किंवा मिजराबीच्या आघाताचा कस लिपीत उतरत नाही. सतारीवरील ‘दा’ व ‘रा’ ही अक्षरे आघाताची दिशा सांगतात, त्याचे वजन सांगत नाहीत.

ध्वनिमुद्रण व चित्रफीत : टॉमस एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफचा शोध लावला. भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणास १९०२ मध्ये कलकत्त्यात आरंभ झाला. सु. तीन मिनिटांच्या तबकडीत रागाचा विस्तार मावत नसे. पण मैफलीत प्रवेश न मिळणाऱ्या श्रोत्यालाही आता थोर कलावंताचे वादन पुनःपुन्हा ऐकता येऊ लागले. यामुळे नमुना घरी आला, हात मात्र अदृश्य राहिला. जलद ताना उमगाव्यात म्हणून पुढे पाश्चात्त्य देशांतील अनेक वादक तबकडी निम्म्या वेगाने फिरवीत. त्यामुळे स्वर एका सप्तकाने खाली उतरत, परंतु त्यांचा क्रम स्पष्ट होई.

विसाव्या शतकात या माध्यमांचा शिक्षणासाठी हेतुपूर्वक उपयोग होऊ लागला. जपानमध्ये शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी घरी ध्वनिमुद्रिका नित्य ऐकण्यास आपल्या व्हायोलिनशिक्षणपद्धतीत महत्त्वाचे स्थान दिले; मात्र प्रत्यक्ष शिक्षक व पालकाची उपस्थिती त्यांनी अत्यावश्यक मानली. अमेरिकेत १९५० मध्ये ‘म्युझिक मायनस वन’ या नावाने एका वाद्याचा भाग गाळलेल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तो भाग स्वतः वाजवून विद्यार्थ्याने समूहवादनाचा अनुभव घ्यावा, अशी योजना होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात प्रचलित झालेले इलेक्ट्रॉनिक तानपुरा व तालयंत्र यांचे कार्य काहीसे असेच आहे. ब्रिटनमध्ये बर्ट वीडनच्या प्ले इन अ डे (१९५७) या पुस्तकावरून पुढे ख्यातनाम झालेले अनेक गिटारवादक प्राथमिक धडे शिकले. रविशंकर यांच्या माय म्यूझिक, माय लाइफ (१९६८) या पुस्तकातही सतारीचे प्रारंभिक पाठ आहेत. अमेरिकेतील ‘होमस्पन’ या संस्थेने १९६७ पासून ध्वनिफितींवर, तर पुढे चित्रफितींवर पाठ उपलब्ध केले. चित्रफितीमुळे हात दिसू लागला; तथापि ती महाग होती आणि निवडक वाद्यांपुरती मर्यादित राहिली.

आंतरजालावरील चित्रपाठ : यूट्यूब हे संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले आणि चित्रफितीच्या निर्मितीचा व वितरणाचा खर्च जवळजवळ संपुष्टात आला. या माध्यमाची शक्ती दाखवणारे एक आरंभीचे उदाहरण गिटारवादनाचे आहे. तैवानचा गिटारवादक जेरी चँग याने पाखेल्बेलच्या ‘कॅनन’ या रचनेचे विद्युत्‌गिटारसाठी रूपांतर केले होते. दक्षिण कोरियातील लिम जोंग-ह्यून या तरुणाने ते वाजवून आपले चित्रमुद्रण आंतरजालावर ठेवले. टोपीमुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता; दिसत होते ते हात. २००६ पर्यंत ते लक्षावधी लोकांनी पाहिले व अनेक देशांतील तरुणांनी त्यावरून तीच रचना बसवली. आपल्या वादनावर इतरांच्या सूचना मिळाव्यात, हा लिमचा मूळ हेतू होता. गुरूच्या जागी अनोळखी जाणकारांचा समुदाय असावा, ही अपेक्षा त्यातून व्यक्त झाली.

पद्धतशीर पाठ देणाऱ्यांत जस्टिन सँडरको या ऑस्ट्रेलियन गिटारशिक्षकाचे नाव अग्रगण्य आहे. त्याचे संकेतस्थळ २००३ मध्ये सुरू झाले आणि २००६ पासून त्याचे चित्रपाठ विनामूल्य उपलब्ध झाले. लोकप्रिय गीतांच्या पाठांमुळे स्वामित्वाधिकाराचा प्रश्नही लवकरच उभा राहिला. एका अमेरिकन गिटारशिक्षकाने ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदाचे एक गीत शिकवल्याबद्दल तक्रार झाली आणि २००७ मध्ये त्याचे शंभराहून अधिक पाठ यूट्यूबवरून काढून टाकण्यात आले. हिंदुस्थानी संगीतातील पारंपरिक बंदिशींना ही अडचण सहसा येत नाही. तेथे वाद उद्‌भवतो तो घराण्याची विद्या सर्वांसमोर मांडावी की नाही, याविषयी.

चित्रपाठाचे काही गुण प्रत्यक्ष वर्गातही मिळत नाहीत. तो हवा तेथे थांबवता येतो, कितीही वेळा पाहता येतो आणि स्वराची उंची कायम ठेवून त्याचा वेग कमी करता येतो. कॅमेरा वरून लावल्यास पेटीच्या पट्ट्यांवरील बोटे वादकाला स्वतःला दिसतात तशीच विद्यार्थ्याला दिसतात. समोर बसून शिकताना करावी लागणारी डाव्या-उजव्याची उलटापालट वाचते. तबल्याचे निरनिराळे बाजही शेजारी ठेवून पाहता येतात : दिल्ली बाजातील किनारीवरचे दोन बोटांचे काम आणि पूरब बाजातील खुला हात यांची तुलना पूर्वी मोजक्याच शिष्यांना शक्य होती. उलट बासरीवादकाच्या ओठांची ठेवण, श्वासाचा दाब किंवा सारंगीच्या तारेला कडेने भिडणारे नख यांचे ज्ञान केवळ पाहून फारसे होत नाही. चित्रपाठातला शिक्षक विद्यार्थ्याला पाहू शकत नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव होय. मनगट आखडलेले असताना केलेला रियाज तो दोष पक्का करतो आणि पुढे तो काढून टाकणे नव्याने शिकण्यापेक्षा कठीण जाते.

ही उणीव भरून काढण्याचे तीन मार्ग पुढे आले. विद्यार्थ्याने आपले वादन चित्रित करून पाठवायचे व शिक्षकाने चित्रमुद्रित उत्तर द्यायचे, ही पद्धत ‘आर्टिस्टवर्क्स’ या अमेरिकन संस्थेने वापरली. फिनलंडमधील ‘यूझिशियन’सारख्या उपयोजनांत यंत्रच ध्वनी ऐकून स्वर व लय तपासते, स्वर चुकला हे ते सांगते, पण तो हाताच्या कोणत्या दोषामुळे चुकला हे त्याला दिसत नाही. तिसरा मार्ग थेट दृक्‌श्राव्य संभाषणाचा.

थेट अध्यापन व कालविलंब : स्काइप (२००३) व तत्सम सुविधांमुळे पुण्या-मुंबईचे शिक्षक परदेशस्थ मराठी कुटुंबांतील मुलांना तबला व पेटी शिकवू लागले. भारतात पहाट असते तेव्हा अमेरिकेत आदल्या दिवसाची संध्याकाळ असते, म्हणून असे वर्ग बहुधा पहाटे भरतात. त्यांची मुख्य मर्यादा भौतिक आहे. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सु. २ लाख किमी. वेगाने जातो. पुणे व सॅन फ्रॅन्सिस्को यांमधील अंतर १३ हजार किमी.हून अधिक असल्याने एका दिशेच्या प्रवासासच किमान ६५ सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्यक्षात विलंब याहून बराच जास्त असतो. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत त्रितालात एक मात्रा २५० सहस्रांश सेकंदांची असते. म्हणजे शिक्षकाने धरलेला ठेका ऐकून विद्यार्थ्याने वाजवलेला बोल शिक्षकाकडे परत पोहोचेपर्यंत किमान अर्धी मात्रा उलटून जाते. त्यामुळे साथसंगत व एकत्र वादन अशक्यप्राय होते. याउलट गुरूने एक तुकडा वाजवावा, शिष्याने तो ऐकून परत वाजवावा, ही तालमीची जुनी पद्धत या विलंबातही टिकते.

मार्च २०२० मध्ये कोव्हिड–१९ च्या साथीमुळे देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि ज्यांनी हे माध्यम टाळले होते त्या शिक्षकांनाही ते स्वीकारावे लागले. २०१६ नंतर स्वस्त झालेल्या आंतरजालसेवेमुळे हे पुष्कळ ठिकाणी शक्य झाले. संभाषणासाठी बनवलेली यंत्रणा तानपुऱ्याचा अखंड नाद गोंगाट समजून दाबून टाकते, हा अनुभव या काळात अनेकांना आला. पुढे झूमसारख्या सुविधांत संगीतासाठी वेगळी योजना करण्यात आली. मैफली बंद पडलेल्या कलावंतांना या वर्गांनी काही प्रमाणात उपजीविकेचा आधार दिला.

परिणाम : चित्रपाठांनी प्रारंभिक शिक्षणाची भौगोलिक, आर्थिक व सामाजिक कुंपणे मोठ्या प्रमाणावर मोडली. ज्या गावात तबल्याचा शिक्षक नाही तेथील मुलाला, तसेच घराबाहेर पडणे ज्यांना अवघड त्या स्त्रियांना व प्रौढांना आरंभ करता येऊ लागला. दुसऱ्या बाजूस विनामूल्य पाठांच्या वैपुल्यामुळे प्राथमिक वर्गांवर जगणाऱ्या स्थानिक शिक्षकांपुढे अडचण उभी राहिली. अनेक घराण्यांचे तुकडे एकत्र वेचल्याने वादनशैली मिश्र होते, असाही आक्षेप घेतला जातो. रागविस्तार, साथीचे भान व श्रोत्यांसमोर बसण्याचे धैर्य यांसाठी सहवासाची जागा दुसऱ्या कोणत्याही साधनाने घेतलेली नाही. त्यामुळे स्वरपरिचय व हाताची प्राथमिक बैठक चित्रपाठातून, तर दोषनिवारण व पुढील तालीम शिक्षकाकडून, असा संमिश्र क्रम अनेक विद्यार्थी अनुसरतात. या क्रमात शिक्षकाचे पहिले काम बहुधा नवे शिकवण्याचे नसून, एकट्याने केलेल्या रियाजात हाताला जडलेल्या सवयी तपासण्याचे असते.