मौला ते मवाली

‘त्या मवाल्यांच्या नादी लागू नकोस’ हे वाक्य मराठी मुलखात वाढलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेले असते. नाक्यावर उभी राहणारी, येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारणारी, कामधंद्याचा पत्ता नसलेली पोरे म्हणजे मवाली. त्यांच्या उद्योगांना आपण मवालीगिरी म्हणतो. शब्द इतका रुळलेला आहे की तो कुठून आला, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. ज्यांना पडतो त्यांतले काही त्याचा संबंध ‘मावळ्या’शी जोडतात, तर काहींना जहाल-मवाळांतला ‘मवाळ’ आठवतो. दोन्ही अंदाज चुकीचे आहेत. मावळा हा मावळ खोऱ्यातला माणूस आणि मवाळ म्हणजे मऊ, सौम्य. मवाली हा शब्द अरबी आहे आणि त्याचे घराणे ऐकले तर वाचक चकित होतील. ज्या शब्दाने आपण अल्लाहला हाक मारतो त्या ‘मौला’ शब्दाचेच ते अनेकवचन आहे.

अरबी भाषेत शब्द मूळ अक्षरांवरून घडतात. वाव, लाम आणि ये ही तीन अक्षरे एकत्र आली की जवळ असणे, पाठीशी असणे, सांभाळणे असा अर्थ तयार होतो. त्यातून वली निघाला, म्हणजे निकटचा, पाठीराखा. वलीचे अनेकवचन औलिया. वाली म्हणजे प्रांताचा कारभारी आणि त्याच्या कारभाराखालचा मुलूख ती विलायत. हिंदुस्थानात हा शब्द आधी इराण-तुराणसारख्या परमुलखासाठी आणि नंतर इंग्लंडसाठी वापरला गेला. पहिल्या महायुद्धात इंग्रज सोल्जर मायदेशाला लाडाने ‘ब्लायटी’ म्हणत. ती आपलीच विलायत. आपल्या रानातल्या विलायती चिंचेलाही तिनेच नाव दिले. वक्फच्या मालमत्तेची देखरेख करणारा मुतवल्ली याच घरातला. ‘आमचे मौला’ या अर्थाचा मौलाना, त्याच्या शेजारचा मौलवी आणि फारसीत घडलेला मुल्ला हेही त्याच घरातले. महाराष्ट्राच्या गावगाड्यात बलुतेदार म्हणून हिस्सा घेणारा, बकरे हलाल करणारा मुलाणी हा याच मुल्लाचा मराठी अवतार. एकाच चुलीवर जेवणारी ही भावंडे. पण कुणी मिंबरवर बसले, कुणी गावाच्या वेशीवर आणि कुणी पोलीस चौकीत.

मौला या शब्दात मुळातच एक गंमत आहे. तो दोन्ही बाजूंनी चालतो. मौला म्हणजे धनी आणि मौला म्हणजे त्या धन्याने मुक्त केलेला माणूसही. आश्रय देणारा आणि आश्रय घेणारा, दोघांना एकच शब्द. इस्लामपूर्व अरबस्तानात माणसाची ओळख त्याच्या टोळीवरून होत असे. टोळी नसलेल्या माणसाचा खून झाला तर बदला घ्यायला कुणी नसे. म्हणून मुक्त झालेला गुलाम किंवा परका माणूस एखाद्या टोळीशी नाते जोडून घेई. या नात्याला ‘वला’ म्हणत. नाते दोघांचे, म्हणून शब्दही दोघांचा.

कुरआनात ‘मवाली’ हे अनेकवचन तीन ठिकाणी येते. सूरह निसाच्या ३३व्या आयतीत त्याचा अर्थ वारसदार असा आहे. सूरह मरियमच्या ५व्या आयतीत हजरत जकरिया आपल्या मागे राहणाऱ्या भाऊबंदांबद्दल बोलतात, तिथेही हाच शब्द आहे. तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची आहे. सूरह अहजाबच्या ५व्या आयतीत सांगितले आहे की दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावाने संबोधावे, आणि पिता माहीत नसेल तर ते तुमचे धर्मबंधू आणि मवाली आहेत. ज्याला बाप माहीत नाही, कुळ नाही, त्याला बाजूला न टाकता भावाच्या शेजारी बसवणारा हा शब्द होता.

तो शब्द नुसता कागदावर नव्हता. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे मौला हजरत जैद बिन हारिसा हे पूर्वीचे गुलाम. इ.स. ६२९ मध्ये मूतहच्या मोहिमेवर ते सेनापती म्हणून गेले आणि तिथेच शहीद झाले. त्यांचे पुत्र उसामा यांना प्रेषितांनी ६३२ मध्ये सेनापती नेमले तेव्हा ते अगदी तरुण होते आणि त्यांच्या हाताखाली कुरैशचे बुजुर्ग होते. हजरत अबूबक्र (र.) यांनी मुक्त केलेले हबशी हजरत बिलाल (र.) इस्लामचे पहिले मुअज्जिन झाले. अरबाला गैरअरबावर श्रेष्ठत्व नाही, हे अखेरच्या हजच्या प्रवचनातले सूत्र तर सर्वश्रुत आहे.

मग घसरण कुठे सुरू झाली? ती सुरू झाली विजयानंतर. इराक, इराण, सीरिया, मिसर हे मुलूख पाहता पाहता ताब्यात आले आणि तिथले लोक इस्लाम स्वीकारू लागले. पण राज्याची घडी अजून टोळीचीच होती. सैन्याच्या दफ्तरात नाव टोळीनुसार लागे, भत्ता टोळीनुसार मिळे. त्यामुळे इस्लाम स्वीकारणारा इराणी किंवा नबाती शेतकरी एखाद्या अरब टोळीचा ‘मौला’ होऊनच समाजात शिरू शकत असे. उमय्या घराण्याच्या काळात (६६१ ते ७५०) ‘मवाली’ हा शब्द जवळजवळ ‘गैरअरब मुसलमान’ याच अर्थाने वापरला जाऊ लागला. त्यांनी लढाईत भाग घ्यावा, पण अरब सैनिकाइतका भत्ता मागू नये; एका सफमध्ये नमाज पढावी, पण अरबाच्या मुलीला मागणी घालू नये, असा व्यवहार रूढ झाला.

यात महसुलाचाही प्रश्न होता. लोक मुसलमान झाले की जिझिया थांबतो, जमीन सोडून शहरात आले की खराज बुडतो. इराकचा सुभेदार हज्जाज बिन यूसुफ (सुभेदारी ६९४ ते ७१४) याने शहरात आलेल्या अशा नवमुस्लिमांना परत खेड्यांत हाकलले; त्यांच्या हातांवर त्यांच्या गावांची नावे डागल्याची नोंद जुन्या इतिहासकारांनी केली आहे. धर्माने भाऊ म्हटलेल्या माणसाला राज्याने पुन्हा कूळ करून टाकले. खलिफा उमर बिन अब्दुल अजीज (७१७ ते ७२०) यांनी नवमुस्लिमांकडून जिझिया घेणे बंद केले, पण त्यांची कारकीर्द जेमतेम अडीच वर्षांची ठरली. त्याआधी ६८५ ते ६८७ या काळात कूफ्यात मुख्तार सकफीच्या बंडामागे हेच मवाली मोठ्या संख्येने उभे राहिले होते. पुढे ७४७ मध्ये खुरासानातून अबू मुस्लिमने काळे निशाण उभारले तेव्हाही ते त्यात होते. ७५० मध्ये उमय्यांची सत्ता कोसळली.

याच काळात दुसरीकडे एक शांत क्रांती घडत होती. तलवारीचा आणि दफ्तराचा मान ज्यांना मिळत नव्हता ते विद्येकडे वळले. बसऱ्याचे हसन बसरी (मृत्यू ७२८) यांचे वडील मैसान भागातून युद्धकैदी म्हणून आले होते. इमाम अबू हनीफा (६९९ ते ७६७), ज्यांच्या फिकहवर आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान चालतात, त्यांचे घराणे इराणी वंशाचे आणि कूफ्यातल्या एका अरब कुळाशी मौला म्हणून जोडलेले. प्रेषितांचे पहिले मोठे चरित्र लिहिणारे इब्न इसहाक यांचे आजोबा ऐनुत्तम्र येथे पकडलेले कैदी होते. आणि अरबी व्याकरणाचा पाया घालणारा सीबवैह हा तर इराणी. ज्यांच्या बोलीला अरब हसत होते त्यांच्यातल्याच एकाने अरबांना त्यांच्या भाषेचे नियम लिहून दिले. आज ज्यांना आपण आदराने मौलाना म्हणतो त्यांच्या विद्येची वंशावळ अशी मवाल्यांपर्यंत जाऊन पोहोचते.

मग हा शब्द आपल्याकडे नाक्यावर कसा आला? फारसी आणि उर्दूत एक जोडशब्द होता, ‘अहाली-मवाली’. अहाली म्हणजे घरची, दरबारची माणसे आणि मवाली म्हणजे आश्रित. अमीर निघाला की त्याच्यामागून त्याचे अहाली-मवाली निघत. सुरुवातीला यात अपमान नव्हता, नुसता लवाजमा होता. पण लवाजम्याला फार काम नसते. धन्याच्या जिवावर खाणे, त्याच्या नावावर दुसऱ्याला दरडावणे हेच काम होऊन बसते. लोकांनी अमिराला नावे ठेवली नाहीत, कारण तशी हिंमत नव्हती. त्यांनी त्याच्या मागच्यांना नावे ठेवली. पुढे अमीर गेले, हवेल्या पडल्या, अहाली हा शब्दही विसरला गेला, आणि धनी नसलेला मवाली तेवढा बाजारात उरला.

मराठीत येताना त्याचे अनेकवचन एकवचन झाले. ही मराठीची आणि हिंदुस्थानीची जुनी खोड आहे. अमीरचे अनेकवचन उमरा, त्याचा आपण एकटा उमराव केला. नायबचे अनेकवचन नुव्वाब, त्याचा नबाब झाला. इस्म म्हणजे नाव, त्याचे अनेकवचन असामी. कुळांच्या नावांची यादी असलेल्या या शब्दातून मराठीत ‘बडी असामी’ उभी राहिली. औलियाचा अवलिया झाला. वली आणि मौला एकाच मुळाचे, म्हणून अवलिया आणि मवाली हे मराठीत सख्खे चुलतभाऊ. दोघेही रूढ चाकोरीत न बसणारे, दोघांनाही घरदाराची फिकीर नाही. पण एकाच्या विक्षिप्तपणाचे आपण कौतुक करतो आणि दुसऱ्याच्या वाऱ्याला उभे राहत नाही.

दख्खनच्या इतिहासात मौला या शब्दाचा जुना अर्थ जगलेला एक माणूस होऊन गेला. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर (मृत्यू १६२६) अहमदनगरच्या निजामशाहीत चंगेजखानाच्या पदरी आला, मुक्त झाला आणि अखेर त्याच निजामशाहीचा तारणहार बनला. त्याने वसवलेले खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याच्या नहरींमुळे प्रसिद्ध झाले. जमीनमहसुलातली त्याची घडी पुढच्या राजवटींनाही उपयोगी पडली. मुक्त केलेला गुलाम, म्हणून तो अरबी अर्थाने मौलाच होता.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७७च्या सुमारास राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. पण कोश पोहोचतो दरबारापर्यंत. बदमाश, हरामखोर, लुच्चेगिरीला जोडलेली ‘गिरी’, ‘खलास’ हे शब्द कुणी बदलायला गेले नाही. ज्याला मआश, म्हणजे उपजीविका, वाईट मार्गाने मिळते तो बदमाश. खलास म्हणजे सुटका, मुक्ती. आपल्याकडे त्याचा अर्थ संपणे आणि मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत जीव घेणे असा झाला.

मुंबईने मवालीला खरी प्रसिद्धी दिली आणि हिंदी सिनेमाने ती देशभर नेली. १९८३ मध्ये जितेंद्रचा ‘मवाली’ याच नावाचा चित्रपट आला. त्याच सिनेमाच्या जगातला दुसरा लाडका शब्द म्हणजे व्हिलन. या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘व्हिला’त, म्हणजे जमीनदाराच्या वाडीत आहे. त्या वाडीवर राबणारे कूळ ते व्हिलन. युरोपातल्या सरदारांनी आपल्या कुळाच्या नावाची शिवी केली, पूर्वेकडच्या समाजाने आपल्या आश्रितांच्या नावाची. पडद्यावर हाणामारी करणारे हे दोन्ही शब्द एकेकाळी दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या गरिबाचे होते.

उलट दिशेचा प्रवासही मुंबईत पाहायला मिळतो. दादा आणि भाई हे भावाचे शब्द. दहशत बसवणाऱ्याला लोक याच नावांनी हाक मारू लागले. ज्याच्या हातात ताकद असते त्याला गुंड असूनही नात्याचे नाव मिळते, आणि ज्याच्या हातात काही नसते त्याच्या नात्याच्या नावाची गुंडगिरी होते. अर्थाची अशी चढउतार सत्तेच्या पायऱ्यांवरून होत असते.

हे सारे आपल्यालाही लागू आहे, हे विसरून चालणार नाही. शहरात कुणी एखाद्या मोहल्ल्यातल्या पोरांना सरसकट मवाली म्हटले की आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. ‘मुल्ला’ या विद्वानाच्या पदवीची काही तोंडांनी शिवी केली, तेही आपण पाहतो. पण हिंदुस्थानी मुसलमानांनी स्वतः अशराफ आणि अजलाफ अशी विभागणी शतकानुशतके पोसलीच ना? शेख-सय्यदांच्या बैठकीत पिंजारी, तांबोळी, बागवान, खाटीक, मुलाणी यांना कोणती जागा होती? वंशाने बाहेरून आलेला तो शरीफ आणि इथल्या मातीतला तो हलका, हा हिशेब म्हणजे उमय्यांच्या दफ्तराचीच नक्कल होती. १९९०मध्ये मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याचा निर्णय झाला आणि पुढे मुस्लिम व्यावसायिक जमाती मागासवर्गीयांच्या यादीत आल्या, तेव्हा ‘इस्लाममध्ये जात नाही’ असे म्हणणाऱ्यांत वरच्या पायरीवरचेच लोक जास्त होते. तत्त्व म्हणून ते खरेच होते. व्यवहार मात्र हज्जाजचा होता.

मवाली हा शब्द आता मराठीतून कुणी काढून टाकू शकणार नाही, आणि तसे करण्याची गरजही नाही. भाषा आपल्या चालीने चालते. पण नाक्यावरच्या पोराला तो शब्द लावताना एवढे लक्षात ठेवायला हरकत नाही की सूरह अहजाबमध्ये तो ‘भाऊ’ या शब्दाच्या लगेच पुढे आला आहे. ज्याला कुळ नाही, धनी नाही, काम नाही, असा माणूस तेव्हाही होता. त्याला तेव्हा कुणीतरी आपल्या घराचे नाव दिले होते. आजच्या त्या पोराला शाळा, हुन्नर, नोकरी यांतले काय देता येईल, याचा विचार मोहल्ल्यातल्या शहाण्यासुरत्यांनी करायला हवा. शिवी तर त्याला कुणीही देतो.