शिक्का आणि शिक्केवाला

वारसनोंदीचा एक कागद घेऊन मी तालुक्याच्या एका कचेरीत चार खेपा घातल्या होत्या. साहेबांची सही झालेली, फी भरलेली, अर्जात खोट काढायला जागा नाही. उरला होता फक्त गोल शिक्का. ज्या कपाटात तो होता त्याची किल्ली ज्यांच्या खिशात, ते गृहस्थ पहिल्या दिवशी जेवायला गेले होते, दुसऱ्या दिवशी रजेवर होते आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, “ठेवून जा, वाचून बघतो.” नियमाप्रमाणे त्यांना कसलाही अधिकार नव्हता. चौथ्या खेपेला शिक्का उमटला तेव्हा मी त्यांच्यासमोर किती लवून उभा होतो, ते माझे मलाच ठाऊक.

त्यामुळे इंग्लंडच्या राजाला कोणी “नुसता रबरी शिक्का” म्हटले की मला त्या कपाटाची आठवण होते. एलिझाबेथ राणी ८ सप्टेंबर २०२२ रोजी वारली तेव्हा आपल्याकडच्या अग्रलेखांपासून चहाच्या टपरीपर्यंत हे वाक्य ऐकू येत होते. कोणी ते तुच्छतेने म्हणत होते, कोणी कौतुकाने: बिचारीने सत्तर वर्षे मुकाट सह्या केल्या. दोघांचेही म्हणणे एकच, की या पदात आता काही उरलेले नाही. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीने मांडला पाहिजे, कारण तो लेचापेचा नाही.

वॉल्टर बॅजटने १८६७ साली इंग्लंडच्या राज्यघटनेवर पुस्तक लिहून तिचे दोन भाग पाडले. एक भाग लोकांच्या मनात आदर उपजवणारा, दुसरा प्रत्यक्ष काम करणारा. राणी पहिल्या भागात, मंत्रिमंडळ दुसऱ्यात. राणीच्या वाट्याला त्याने सल्ला विचारला जाण्याचा, हुरूप देण्याचा आणि सावध करण्याचा हक्क ठेवला. बाकी सगळे मंत्र्यांचे. संसदेने संमत केलेले विधेयक राजसत्तेने नाकारल्याचा शेवटचा प्रसंग १७०८ सालचा, ॲन राणीच्या वेळचा. तीनशेहून अधिक वर्षे नकार नाही, म्हणजे नकाराचा अधिकारच गंजून गेला, असा हा युक्तिवाद. आपल्या संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी राष्ट्रपतींचे स्थान समजावून सांगताना इंग्लंडच्या राजाचाच दाखला दिला: तो राज्याचा प्रमुख, कारभाराचा नव्हे. बॅजट आणि बाबासाहेब दोघेही एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला उभे राहणे जरा धाडसाचेच आहे.

पण दोघेही नियम सांगत होते. माझा प्रश्न कपाटाच्या किल्लीचा आहे.

नामधारी गादी म्हणजे काय हे मराठी माणसाला कोणी परदेशातून येऊन शिकवायला नको. पेशवाईच्या भरात साताऱ्याचे छत्रपती नामधारी होते असे शाळेतले पोरही सांगते. सैन्य, खजिना, वकील, सगळे पुण्यात. तरी १७७३ मध्ये रघुनाथरावाला पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच मिळवावी लागली, आणि पुढच्या वर्षी त्याला बाजूला सारायचे ठरले तेव्हा बारभाईंनाही पुरंदरावर जन्मलेल्या चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावासाठी तिथूनच वस्त्रे आणवावी लागली. घरात भांडण नसेल तेव्हा गादी नामधारी. भांडण झाले की दोन्हीकडचे घोडे साताऱ्याच्या रस्त्याला.

लंडनमध्ये नेमके हेच १९५७ साली झाले. सुएझच्या फजितीनंतर अँथनी ईडन यांनी राजीनामा दिला. हुजूर पक्षात नेता निवडण्याची रीतच नव्हती. रॅब बटलर की हॅरॉल्ड मॅकमिलन, हे राणीने ठरवायचे होते. लॉर्ड सॉल्झबरींनी मंत्र्यांना एकेक करून विचारले, राणीने चर्चिलनाही विचारले आणि मॅकमिलन पंतप्रधान झाले. सहा वर्षांनी मॅकमिलन आजारी पडले, तेव्हा राणी इस्पितळात त्यांच्या खाटेपाशी गेली आणि त्यांच्या शिफारशीवरून लॉर्ड ह्यूम यांना बोलावले. बटलर पुन्हा राहिले. या गोष्टीची पक्षालाच इतकी लाज वाटली की १९६५ मध्ये त्यांनी खासदारांच्या मतदानाने नेता निवडण्याची पद्धत आणली. पूर्वपक्षी म्हणेल, बघा, तेही गेले. गेले खरे. पण ते पक्षाने काढून घेतले, राजवाड्याने सोडले नाही. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता खरी मेख. राजाची मान्यता आणि राजाची संमती या इंग्लंडमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडचे लेखक त्या सर्रास एकच समजतात. मान्यता म्हणजे विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाल्यावर मिळणारा शेवटचा शिक्का. १७०८ ची गोष्ट तिच्याबद्दलची. संमती लागते ती त्याआधी, विधेयक सभागृहात असतानाच. ज्या विधेयकाचा राजाच्या विशेषाधिकारांशी किंवा त्याच्या स्वतःच्या मालमत्तेशी, लँकेस्टरच्या जहागिरीशी वगैरे संबंध येतो, ते राजवाड्याला आधी दाखवावे लागते आणि संमती आल्याशिवाय सभागृहात त्यावर पुढे मत घेता येत नाही. हा कुठल्या कायद्यात लिहिलेला नियम नाही. अठराव्या शतकापासूनचा संसदेचा प्रघात आहे.

प्रघात म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. १९९९ मध्ये टॅम डॅलिएल या मजूर खासदाराने इराकवर हल्ल्याचा निर्णय संसदेच्या हाती द्यावा असे विधेयक आणले. युद्ध हा राजाचा विशेषाधिकार, म्हणून संमती हवी. सरकारच्या सल्ल्यावरून राणीने ती दिली नाही आणि विधेयक चर्चेला येण्याआधीच मेले. पूर्वपक्षी इथे उसळून म्हणेल: सल्ला सरकारचाच होता ना? होता. म्हणूनच ही गोष्ट अधिक वाईट. संसदेत मत घेऊन पाडावे लागले असते ते विधेयक सरकारने राजवाड्याच्या दाराला कुलूप लावून अडवले. किल्ली एकाची, हात दुसऱ्याचा, आणि जाब कोणाला विचारायचा ते कोणालाच कळत नाही.

आणि किल्ली दर वेळी दुसऱ्याच्याच हातात असते असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘गार्डियन’ने जुन्या सरकारी दप्तरातले कागद बाहेर काढले. १९७३ मध्ये कंपन्यांच्या भागधारकांची खरी नावे उघड करण्याची तरतूद येऊ घातली होती. राणीच्या खासगी वकिलांनी व्यापार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे जाऊन तिच्या गुंतवणुकीबद्दल चिंता व्यक्त केली, आणि राष्ट्रप्रमुखांच्या वतीने भाग बाळगणाऱ्या कंपन्यांना सूट देण्याची वाट निघाली, असे त्या कागदांवरून त्या वृत्तपत्राने मांडले. राजवाड्याने इन्कार केला. संमती ही निव्वळ औपचारिक बाब आहे, असे म्हटले. राणीच्या कारकिर्दीत या चाळणीतून गेलेल्या कायद्यांची संख्या हजारावर भरली. यातले एकही नाकारले गेले नसेल, असे घटकाभर धरू. ज्याला कागद आधी वाचायला मिळतो त्याला तो नाकारायची गरज पडत नाही, हे मला त्या कचेरीतल्या ‘वाचून बघतो’ने शिकवले आहे.

वाचण्यावरून आठवले. राणीकडे रोज लाल पेट्यांतून सरकारी कागद येत आणि ती ते मन लावून वाचत असे, हे तिच्या पंतप्रधानांनीच सांगितले आहे. चर्चिलपासून लिझ ट्रसपर्यंत पंधरा पंतप्रधान. चर्चिलचा जन्म १८७४ चा, ट्रसबाईंचा १९७५ चा. आठवड्याला भेट, खोलीत तिसरे कोणी नाही, टिपण नाही. तीन-चार वर्षांसाठी आलेला माणूस सत्तर वर्षे दप्तर वाचलेल्या बाईसमोर बसतो तेव्हा त्या खोलीत वजन कोणाचे? मला ठाऊक नाही. कोणालाच ठाऊक नाही, आणि व्यवस्थाच तशी आहे. राजा आणि युवराज यांच्याशी झालेला पत्रव्यवहार माहितीच्या अधिकारातून संपूर्ण वगळण्याची दुरुस्ती ब्रिटिश संसदेने २०१० मध्ये केली. रबरी शिक्क्याची पत्रे इतक्या बंदोबस्तात कशाला ठेवायची?

ऑस्ट्रेलियाने हाच प्रश्न न्यायालयात विचारला. ११ नोव्हेंबर १९७५ रोजी राणीचे तिथले प्रतिनिधी, गव्हर्नर जनरल सर जॉन कर यांनी, सिनेटने खर्चाची मंजुरी अडवून धरली असताना, निवडून आलेले पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांना बडतर्फ केले. त्याआधी ते राणीच्या खासगी सचिवांशी सारखे पत्राने बोलत होते. ती पत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात होती, पण ‘खासगी’ म्हणून २०२७ पर्यंत कुलपात. इतिहासकार जेनी हॉकिंग यांनी दावा लावला आणि २०२० मध्ये उच्च न्यायालयाने, जे तिथले सर्वोच्च आहे, ही सरकारी कागदपत्रे आहेत असा निकाल दिला. पत्रांतून दिसले ते असे की कर यांनी बडतर्फीची आगाऊ खबर राणीला दिली नव्हती. पण बडतर्फीचा राखीव अधिकार शाबूत आहे का, यावर सचिवांशी चर्चा मात्र झाली होती. राजवाड्याचे पाठीराखे पहिल्या अर्ध्यावर बोट ठेवतात, व्हिटलमवाले दुसऱ्यावर. मला त्या पंचेचाळीस वर्षांचे अधिक वाटते. एका देशाचे सरकार पडले आणि त्याबद्दलची पत्रे खासगी होती!

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा २०१९ चा आहे. बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटच्या ऐन धामधुमीत संसद पाच आठवडे तहकूब करायला सांगितली. २८ ऑगस्टला राणीच्या बालमोरलच्या वाड्यावर मंत्री गेले, राणीने हो म्हटले. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते सारे बेकायदा आणि शून्यवत ठरवले. त्या दिवशी राणी खरोखरच शिक्का होती. पण हा पुरावा जितका मला अडवतो त्याहून अधिक राजघराण्याच्या भक्तांना अडवतो. संकटाच्या वेळी घटनेचा राखणदार म्हणून राजा हवा, असे ते सांगतात. संकट आले, राखणदाराने सही केली आणि राखण न्यायाधीशांनी केली. म्हणजे या पदाचा जोर भक्त दाखवतात तिथे नाही, आणि टीकाकार म्हणतात तसा तो संपलेलाही नाही. तो चालतो कागद उघड होण्याआधी, आणि बहुधा स्वतःच्या घरादारापुरता.

युरोपातल्या इतर देशांनी हे ओळखले, तेही ठेच लागल्यावर. १९९० मध्ये बेल्जियमचे बोदुएँ यांनी गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला सदसद्विवेकाच्या नावाखाली नकार दिला. मग मंत्रिमंडळाने राजाला राज्य करण्यास असमर्थ ठरवले, स्वतः सह्या केल्या आणि दोनेक दिवसांत संसदेने त्यांना पुन्हा गादीवर बसवले. तोड चतुर, पण नाटकीच. लक्झेंबर्गने अधिक सरळ रस्ता धरला. २००८ च्या डिसेंबरात ग्रँड ड्यूक आन्री यांनी इच्छामरणाच्या कायद्याला मान्यता देणार नाही म्हणून कळवले, तेव्हा तिथल्या संसदेने राज्यघटनाच बदलून मान्यता देण्याचा अधिकार काढला. त्यांच्याकडे फक्त कायदा जाहीर करण्याचे काम ठेवले. नेदरलँड्सने २०१२ मध्ये सरकार जुळवण्याच्या बोलण्यांतून राणीला वगळले. स्वीडनने तर कोणी नकार देण्याचीही वाट पाहिली नाही: १९७४ ची राज्यघटना आली आणि पंतप्रधानाचे नाव सुचवण्याचे काम सभापतीकडे गेले, कायद्यांवरची राजाची सही गेली, लष्कराचे प्रमुखपद गेले. आज स्टॉकहोमचा राजा नोबेल पारितोषिके देतो. स्वीडनच्या लोकशाहीचे त्यावाचून काही अडलेले ऐकिवात नाही. शिक्का खरेच निरुपयोगी होता तर एवढ्या लोकांना तो खटपट करून काढून घ्यावा का लागला?

याच्या उलट बाजूला नॉर्वेचा हाकोन सातवा आहे, आणि त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. १९०५ मध्ये गादी देऊ केली तेव्हा त्याने आधी लोकांना विचारा म्हटले. सार्वमत झाले, मगच तो आला. १९४० च्या एप्रिलात जर्मनांनी त्यांच्या तालावर नाचणाऱ्या क्विस्लिंगला पंतप्रधान नेमा म्हणून दम दिला. हाकोनने मंत्रिमंडळाला सांगितले, निर्णय तुमचा. मात्र तुम्ही हो म्हटलेत तर मी गादी सोडेन. मंत्रिमंडळाचा अधिकार त्याने हिरावला नाही, पणाला लावली ती स्वतःची गादी. स्पेनच्या हुआन कार्लोस यांचेही २३ फेब्रुवारी १९८१ च्या रात्रीचे दूरचित्रवाणीवरचे भाषण लष्करी बंड मोडणारे ठरले, यात शंका नाही. पण त्या एका रात्रीच्या पुण्याईवर पुढची तीस वर्षे कोणी त्यांच्या पैशांचा हिशेब विचारला नाही. २०१४ मध्ये पदत्याग, २०२० मध्ये अबूधाबीला प्रयाण, आणि २०२२ मध्ये सरकारी वकिलांनी चौकशी मिटवली, तीही काही अंशी गादीवर असतानाच्या कृत्यांना घटनेचे संरक्षण होते म्हणून.

राहिला जपान. तिथली १९४७ ची राज्यघटना सम्राटाला राष्ट्राचे प्रतीक म्हणते आणि राज्यकारभाराविषयी कोणताही अधिकार देत नाही. पूर्वपक्षाला याहून चोख शिक्का मिळायचा नाही. ८ ऑगस्ट २०१६ रोजी ब्याऐंशी वर्षांचे सम्राट अकिहितो कॅमेऱ्यासमोर बसले. निवृत्त व्हायचे आहे असे त्यांना म्हणता येत नव्हते, कारण तसे म्हणणे म्हणजे कायदा बदला म्हणणे, आणि ते राजकारण झाले असते. म्हणून ते वयाबद्दल बोलले, कर्तव्ये पूर्वीसारखी पार पडतील की नाही या काळजीबद्दल बोलले, आणि थांबले. दहा महिन्यांत संसदेने कायदा केला. ३० एप्रिल २०१९ रोजी, सुमारे दोनशे वर्षांत प्रथमच, जपानचा सम्राट जिवंतपणी पायउतार झाला. कायदा मात्र खासदारांनी फक्त अकिहितोंपुरताच केला आहे. आताचे सम्राट नारुहितो थकले तर त्यांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसून वयाबद्दल बोलावे लागेल.