गुंतवणुकीसाठी घर घेताय? एजंटशी नाते असे जोडा

पहिल्यांदा फ्लॅट किंवा दुकान घेणाऱ्याला चांगला एजंट लागतोच. भाव, भाडे, सोसायटीची भांडणे त्यालाच ठाऊक असतात. पण ‘आपल्याच मोहल्ल्यातला माणूस आहे’ एवढ्या भरवशावर आयुष्यभराची कमाई लावू नये.

नव्या प्रकल्पातील घर दाखवणाऱ्या एजंटला २०१६ च्या रेरा कायद्यानुसार नोंदणी सक्तीची आहे. त्याचा आणि प्रकल्पाचा नंबर महारेराच्या वेबसाइटवर स्वतः तपासा.

पहिल्याच भेटीत बजेट, इलाका आणि भाड्याची अपेक्षा साफ सांगा. दलाली किती, कधी द्यायची आणि तो समोरच्याकडूनही घेणार का, हे विचारून लिहून ठेवा. काम झाले की ठरलेली रक्कम वेळेवर द्या. त्याने दाखवलेली जागा त्याला टाळून मालकाशी परस्पर ठरवू नका. बाजारात अशी बात लपत नाही, मग पुढची चांगली जागा तुम्हाला कोणी दाखवत नाही.

बयाना एजंटच्या हाती रोख देऊ नका. चेक मालकाच्या किंवा प्रकल्पाच्या खात्यावर काढा, पावती घ्या. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही.

रीसेल असेल तर सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू आणि सोसायटीची थकबाकी आपल्या वकिलाकडून तपासून घ्या. खरा एजंट कागद मागितल्यावर नाराज होत नाही. जो टाळाटाळ करतो, त्याला सलाम करून पुढे निघा.