सहा नंबरचा मालक

टोरोंटोत कार्लटन आणि चर्च या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर लॉब्लॉजचं भलंमोठं किराणा दुकान आहे. हातात बास्केट घेऊन तुम्ही पंचविसाव्या रांगेत शिरता आणि खाली बघता. फरशीवर एक लाल ठिपका आहे. लोक त्याच्यावरून ट्रॉल्या ढकलत निघून जातात. 1931 सालच्या नोव्हेंबरात इथं मेपल लीफ गार्डन्स उभं राहिलं, पुढची सदुसष्ट वर्षं टोरोंटोची हॉकी टीम इथं खेळली, आणि बर्फाच्या मैदानाचा मध्यबिंदू बरोबर या ठिपक्यावर होता. बास्केट बाजूला ठेवा, ठिपक्यावर उभे राहा, आणि मफलर असेल तर गुंडाळून घ्या.

14 फेब्रुवारी 1934. तुमच्या बुटांखाली बर्फ आहे आणि एक माणूस हातवारे करत तुम्हाला बाहेर व्हायला सांगतोय. तुम्ही घसरत, सावरत कठड्यापाशी पोचता आणि जिने चढून सगळ्यात वरच्या, स्वस्तातल्या बाकांवर जाऊन बसता. खाली हॅट आणि ओव्हरकोट घातलेल्या पुरुषांच्या रांगाच रांगा. मंदीचे दिवस आहेत, बाहेर लोकांना काम नाही, तरी चौदा हजारांवर माणसं तिकीट काढून आलीत. ही आपली गवतावरची हॉकी नव्हे. इथं चेंडूऐवजी रबराची चकती, पायात स्केट्स, आणि जवळजवळ कुणाच्याच डोक्यावर हेल्मेट नाही. हेल्मेट नाही हे नीट लक्षात ठेवा, आजची सगळी गर्दी त्यामुळेच जमली आहे.

शेजारच्या माणसाच्या हातात कार्यक्रमपत्रिका आहे. ती घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण जर्सीवर नावं नसतात, फक्त आकडे. आकडा बघायचा, पत्रिकेत नाव शोधायचं. (पुढे 1978 साली, एनएचएल या लीगनं पाठीवर नाव सक्तीचं केल्यावर, टीमचा मालक हॅरॉल्ड बॅलार्ड निळ्या जर्सीवर निळ्याच अक्षरांत नावं शिवून घेणार आहे. नियम पाळला, पण वाचता कुणाला येऊ नये! पत्रिकांचा खप बुडेल याची त्याला धास्ती होती.) आकड्यांमागे या काळात फारसं काही पवित्र नाही. टीम रेल्वेनं प्रवास करते आणि लहान आकडेवाल्यांना खालचा बर्थ मिळतो. पुढे डेट्रॉइटचा गॉर्डी हाऊ 17 सोडून 9 घेईल तो एवढ्याचसाठी. ज्या 9 नंबरपुढे नंतर सगळं शहर हात जोडेल, त्याचा उगम लोअर बर्थमध्ये आहे. रात्रीच्या गाडीनं पुणे-नागपूर केलेल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायला नको.

टोरोंटोचे खेळाडू बर्फावर उतरतात. आज त्यांच्या छातीवर टीमच्या नावाऐवजी तीनच इंग्रजी अक्षरं आहेत: A-C-E, एस. ते एस बेलीचं टोपणनाव. खरं नाव अर्व्हिन. 1928-29 च्या मोसमात लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल त्याचे होते, 22. 1932 साली टीमनं स्टॅनली कप जिंकला तेव्हा तो त्या टीमात होता. आज तो तीस वर्षांचा आहे, आणि स्केट्स न घालता, साध्या कपड्यांत, मैदानाच्या मध्याकडे चालत येतो. सावकाश. बर्फावर पाय टाकताना जरा जपूनच.

दोन महिने मागे जाऊन या, पण फार वेळ थांबू नका. 12 डिसेंबर 1933, बॉस्टन गार्डन. टोरोंटोचा किंग क्लॅन्सी बॉस्टनच्या एडी शोरला पाडतो. शोर उठतो, संतापलेला, आणि समोर पाठमोरा दिसलेल्या पहिल्या टोरोंटोवाल्याला मागून धडक देतो. तो क्लॅन्सी नसतो, त्याची जागा राखायला मागे आलेला बेली असतो. बेली उलटा आपटतो आणि त्याचं डोकं बर्फावर आदळतं. तो आवाज वरच्या बाकांपर्यंत येतो. टोरोंटोचा रेड हॉर्नर एका ठोशात शोरला आडवा करतो, त्याचंही डोकं फुटतं. बेलीच्या कवटीला तडा गेलेला असतो. मेंदूवर दोन शस्त्रक्रिया होतात आणि जगण्याची आशा कुणी धरत नाही. त्याचे वडील पिस्तूल घेऊन शोरला शोधायला बॉस्टनला निघाले होते आणि त्यांना कशीबशी समजूत घालून परत धाडलं, असं टोरोंटोत आजही सांगतात. शोरवर 16 सामन्यांची बंदी येते. बेली वाचतो. हॉकी मात्र संपते.

आता परत या, मुख्य गोष्ट इथंच व्हायची आहे.

आजचा सामना बेलीच्या मदतीसाठी आहे. एका बाजूला टोरोंटो, दुसऱ्या बाजूला लीगमधल्या बाकीच्या टीमांतले निवडक. त्यांना एकेक करून मध्यभागी बोलावतात आणि बेली प्रत्येकाच्या हातात जर्सी देतो. शिकागोचा गोलकीपर चार्ली गार्डिनर येतो. तुम्हाला माहीत आहे आणि त्याला नाही, की एप्रिलमध्ये तो कप जिंकेल आणि जूनमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं जाईल. मॉन्ट्रियलचा हाऊई मोरेंझ येतो, या काळातला सगळ्यांत लाडका खेळाडू. तीन वर्षांनी पाय मोडून दवाखान्यात पडेल आणि तिथून उठणार नाही. भविष्य माहीत असलेल्या माणसानं अशा सामन्याला येऊच नये खरं तर.

आणि एडी शोर येतो. ज्यानं पाडलं तो.

चौदा हजार माणसं गप्प होतात. हे टोरोंटो आहे, शोरचं गाव नाही. बेली हात पुढे करतो. शोर तो धरतो. अंतर एवढं आहे की दोघं काय बोलले, किंवा बोलले की नाही, हे तुम्हाला ऐकू येत नाही. त्यानंतर जो गजर होतो त्यानं लाकडी बाक थरथरतो. शेजारचा पत्रिकावाला उभा राहून हॅट हलवत असतो. त्याच्या डोळ्यांकडे बघू नका, त्याला ते आवडणार नाही.

टीमचे सर्वेसर्वा कॉन स्माइथ 6 नंबरची जर्सी बेलीला देतात आणि जाहीर करतात, की टोरोंटोचा कुणीही खेळाडू यापुढे हा नंबर घालणार नाही. एनएचएलमध्ये असं याआधी कधी झालेलं नाही. मग सामना होतो, टोरोंटो 7-3 नं जिंकतं, बेलीसाठी सुमारे 21 हजार डॉलर जमतात. सामना यथातथाच होता. त्यासाठी कुणी आलंही नव्हतं.

तुम्ही मात्र बाकावर बसून वेगळाच हिशेब करत असता. तुम्ही आलात त्या काळात नंबर निवृत्त करणं म्हणजे थोरवीवर मारलेला शिक्का. 2017 साली कोलंबोत पालघरचा शार्दूल ठाकूर आपल्या पहिल्या वनडेत सचिनचा 10 नंबर घालून उतरला तेव्हा काय गहजब झाला, ते तुम्ही पाहिलं आहे. पोरानं कुणाच्या देव्हाऱ्यात चपला घालून शिरावं तशी लोकांनी त्याची हजेरी घेतली. पुढे तो 54 घालू लागला. पण आज, या गर्दीत, नंबर कुणाचा निवृत्त होतोय? मोरेंझचा नाही. टोरोंटोच्याच चार्ली कोनाकरचाही नाही, जो गोल मारण्यात बेलीपेक्षा सरस आहे. होतोय तो अशाचा, ज्याच्याकडून खेळ हिसकावून घेतला गेला. त्या रात्री हा बक्षीस समारंभ नव्हताच. घरातलं माणूस अचानक गेलं की त्याच्या जागेवर काही दिवस कुणी बसत नाही, तसलं काहीतरी होतं. बक्षीस ते पुढे झालं, आणि माझ्या मते तिथूनच गडबड सुरू झाली. दुःखाला मर्यादा असते, बक्षिसांना नसते. एकाला दिलं की दुसऱ्याचे चाहते विचारतात, आमच्याला का नाही?

इमारत तीच, साल 1968. बाक बदललेत, हॅटा गेल्यात. वेळ नोंदणाऱ्यांच्या टेबलाशी एक पासष्ट वर्षांचा माणूस बसलाय. जरा पुढे वाका, ओळखा. बेलीच आहे. ज्या बर्फावर त्याला पुन्हा खेळता आलं नाही, त्याच्या काठाशी बसून तो गेली तीस वर्षं घड्याळ सांभाळतोय, आणि 1984 पर्यंत सांभाळणार आहे. टोरोंटोत अनेक मोठे खेळाडू होऊन गेले, पण इतक्या जवळून, इतकी वर्षं, इतके सामने क्वचितच कुणी पाहिले असतील.

त्याच्या नजरेसमोरून एक तेवीस वर्षांचा पोरगा स्केटिंग करत जातो. रॉन एलिस. पाठीवर 8. उजव्या बाजूनं खेळतो, जातो-येतो, गोल करतो, परत येऊन आपला माणूस धरतो, आणि मारामारीच्या फंदात पडत नाही. बेलीला त्याचा खेळ आवडतो. मग बेली अशी गोष्ट करतो जी करायचा अधिकार जगात त्याच्या एकट्याकडेच होता: माझा सहा नंबर तू घाल, असं तो एलिसला सांगतो.

चौतीस वर्षं तो नंबर कुणाच्या अंगावर आलेला नव्हता. आता तो रोज घामेजतो, धुतला जातो, पुन्हा बर्फावर येतो. एलिस तो 1981 पर्यंत घालतो, मधली दोन वर्षं खेळातून बाजूला होता तेवढी सोडून. विचार करा, टेबलाशी बसलेल्या म्हाताऱ्याला दर सामन्यात आपलाच आकडा समोरून धावताना दिसत असणार. निवृत्त नंबर लिहून छताला टांगलेल्या कापडाकडे बघण्यापेक्षा हे कितीतरी बरं. एलिस थांबल्यावर नंबर पुन्हा बंद झाला. बेली 1992 साली गेला.

तुम्हाला वाटेल, सुटला प्रश्न. नाही सुटला. बेली जिवंत होता म्हणून देऊ शकला. बिल बॅरिल्कोनं 1951 च्या एप्रिलमध्ये जादा वेळेत गोल मारून टोरोंटोला कप मिळवून दिला आणि त्याच ऑगस्टमध्ये तो विमान अपघातात गेला. विमानाचे अवशेष सापडायला 1962 उजाडलं. त्याचा 5 कुणी कुणाला द्यायचा? तो बंद राहणंच बरोबर. टीमनं बरीच वर्षं हाच विवेक ठेवला होता: 5 आणि 6 हे दोनच निवृत्त, बाकीच्या थोरांच्या नावानं फक्त झेंडे लावायचे आणि त्यांचे नंबर नव्या पोरांना वापरू द्यायचे. मला ही पद्धत मनापासून पटते. खेळाडूंना मात्र ती पटतेच असं नाही. डेव्ह किऑनसारखा दिग्गज कैक वर्षं टीमपासून फटकूनच राहिला.

म्हणून आता 15 ऑक्टोबर 2016. नवं स्टेडियम, झगमगाट, आणि समोर योगायोगानं पुन्हा बॉस्टन. टीमचं शंभरावं वर्ष. एका फटक्यात अकरा नंबर निवृत्त होतात, सतरा खेळाडूंचे. 9 कोनाकर आणि टेड केनेडी या दोघांचा, 27 महोव्हलिच आणि सिटलरचा, 7 आपल्या किंग क्लॅन्सीचा आणि टिम हॉर्टनचा. किऑनचा 14 सुद्धा त्यात आहे, आणि किऑन आलाय. 21 घालणाऱ्या जेम्स व्हॅन रीम्सडाइकनं 25 घेतलाय, कारण 21 आता स्वीडनच्या बोर्जे साल्मिंगचा. आणि गंमत बघा, टीमनं 1967 पासून कप जिंकलेला नाही. छत भरत चाललंय, कपाट रिकामं. समारंभ देखणा आहे, तुम्हीही टाळ्या वाजवता. पण 1934 च्या बाकाला जो हादरा बसला होता तो इथल्या खुर्चीला बसत नाही. सतरा जणांसाठी एकदम गलबलून येत नाही माणसाला.

शेवटचा मुक्काम आपल्याकडचा, आपल्या हॉकीचा. 14 ऑगस्ट 2024, दिल्ली. सहा दिवसांपूर्वी पॅरिसमध्ये भारतानं स्पेनला 2-1 नं हरवून ब्राँझ पटकावलंय आणि पी. आर. श्रीजेशनं 336 आंतरराष्ट्रीय सामन्यांनंतर पॅड उतरवलेत. उपांत्यपूर्व सामन्यात अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाल्यावर दहा जणांनिशी ब्रिटनला थोपवून धरणारा, मग शूटआउटमध्ये टीमला तारणारा तो हाच. हॉकी इंडियाचे सरचिटणीस भोलानाथ सिंग जाहीर करतात: सीनियर टीममध्ये 16 नंबर निवृत्त. ज्युनियरमध्ये मात्र तो चालू राहील, आणि ज्युनियर टीमचा कोच असेल श्रीजेश.

हे वाटतं त्यापेक्षा शहाणपणाचं आहे. मुळात गोलकीपरच्या नंबराचा प्रश्न फॉरवर्डपेक्षा अवघड असतो. ती जागा एकाच वेळी एकालाच मिळते, आणि श्रीजेशनंतर तिथं जो उभा राहील त्याची तुलना नंबर कुठलाही असला तरी होणारच. 16 त्याच्या पाठीवर नाही, एवढंच ओझं कमी. उलट ज्युनियरमधल्या पोराला मात्र तो नंबर घालून, खुद्द मालकाच्या देखरेखीखाली, चुका करायची मुभा मिळणार. फक्त पुढची पायरी हॉकी इंडियानं त्या वेळी सांगितली नाही. त्या पोरांतला एखादा सीनियर टीममध्ये पोचला आणि श्रीजेशनंच त्याला बोलावून सांगितलं, की घे, 16 घाल, तर? तेव्हा कुणी फाइल काढून नियम दाखवू नये. आणि शार्दूललाही 2017 साली तो 10 खुद्द सचिननं हातात ठेवला असता, तर त्या दिवशी शिव्या देणाऱ्यांपैकी निम्मे लोक रडले असते.