मोफत सॉफ्टवेअरमध्ये घराण्याची वंशावळ कशी बनवायची? मोबाईल आणि कॉम्प्युटर, दोन्हींची संपूर्ण माहिती

आजोबांचं नाव आपल्याला माहीत असतं. पणजोबांचं विचारलं की जरा आठवावं लागतं. आणि पणजीचं माहेरचं आडनाव विचारलं, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे बघावं लागतं. ते माणूस आज घरात आहे म्हणून उत्तर मिळतं. उद्या तेच उत्तर जगातल्या कुठल्याही सर्च इंजिनवर मिळणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नाही.

या लेखात आपण एकही रुपया न देता वंशावळ कशी बनवायची ते पाहू. मी स्वतः ही सॉफ्टवेअर्स वापरतो, त्यामुळे मराठी घराण्याची माहिती भरताना नेमकं कुठे अडतं तेही सांगतो.

वंशावळ लागते कशाला?

हौस हे एक कारण झालंच. पण कामाची कारणंही आहेत. जात पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. शेतजमिनीवर वारस नोंद करताना कोण कोणाचा वारस हे दाखवावं लागतं. अशा वेळी वडील आणि काका रात्री अकरा वाजता एकमेकांना फोन करून "आपल्या आजोबांना भाऊ किती?" विचारत बसतात. माहिती आधीच नीट भरलेली असेल तर हे काम पाच मिनिटांचं आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ॲपमधून काढलेला तक्ता हा सरकारी पुरावा नाही. पुरावा म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जुने फेरफार. कुठला कागद कोणत्या नात्यासाठी आहे आणि कोणता अजून शोधायचा आहे, हे समजायला तक्ता उपयोगी पडतो.

आधी कागद आणि फोन, मग सॉफ्टवेअर

थेट ॲप उघडून बसू नका. स्वतःला धरून मागच्या पाच पिढ्यांचे थेट पूर्वज मोजले तर १, २, ४, ८, १६ अशी एकूण ३१ नावं होतात. एका कागदावर ३१ रकाने काढा आणि जमतील तेवढे भरा. बहुतेकांची वडिलांकडची बाजू बऱ्यापैकी भरते, आईकडची अर्ध्यावर थांबते.

मग घरातल्या मोठ्यांना फोन लावा. विचारायचे प्रश्न असे:

१. पूर्ण नाव काय, आणि घरात हाक कोणत्या नावाने मारायचे?
२. मूळ गाव कोणतं? कुलदैवत कोणतं?
३. बायकांचं माहेर कोणतं, माहेरचं नाव काय?
४. कोणी दत्तक गेलं किंवा आलं होतं का?
५. लहानपणी वारलेली मुलं होती का?

बोलणं रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. मोठी माणसं एका बैठकीत सगळं सांगत नाहीत, बोलता बोलता त्यांना आठवत जातं. म्हणून दोन-तीन वेळा बोला.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं?

मी तीन पर्याय सुचवतो.

ग्रॅम्प्स: हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, म्हणजे पूर्ण मोफत आणि त्याचा कोडही सगळ्यांना खुला. काम २००१ साली सुरू झालं आणि आजही चालू आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. माहिती तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते. माणसं कितीही भरा, मर्यादा नाही.

फॅमिली जेम: कॉम्प्युटर नसेल तर अँड्रॉइड फोनवर हे ॲप बरं. याचाही कोड खुला आहे. छोटी वंशावळ फोनवरच भरता येते, फोटो जोडता येतात आणि तक्ता पीडीएफ म्हणून काढता येतो.

फॅमिलीसर्च: ही वेबसाइट आणि ॲप दोन्ही मोफत. अमेरिकेतल्या यूटा राज्यात मुख्यालय असलेल्या लॅटर-डे सेंट्स चर्चची ही सेवा आहे. इथे प्रत्येकाचं वेगळं झाड नसतं, सगळ्या जगाचं मिळून एकच मोठं झाड असतं. म्हणजे मृत व्यक्तीची तुम्ही भरलेली माहिती दुसरा माणूस बदलू शकतो. जिवंत व्यक्तींची माहिती मात्र सगळ्यांना दिसत नाही. दूरचे नातेवाईक शोधायला हे चांगलं, पण आपली मूळ प्रत आपल्याकडेच ठेवावी असं माझं मत आहे.

याशिवाय स्टोअरमध्ये बरीच ॲप्स 'फ्री' म्हणून दिसतात. त्यातल्या काहींमध्ये ठराविक माणसांनंतर पैसे मागतात, काहींमध्ये तक्ता डाउनलोड करायला. म्हणून कुठलंही ॲप घेण्याआधी एकच गोष्ट तपासा: त्यातून 'गेडकॉम' फाइल बाहेर काढता येते का?

गेडकॉम म्हणजे काय?

वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याचा हा ठरलेला फाइल प्रकार. १९८४ मध्ये आला. साधी टेक्स्ट फाइल असते: ही व्यक्ती, हे तिचं नाव, ही तिची जन्मतारीख, हे तिचं कुटुंब, अशा ओळी. २०२१ मध्ये याची ७.० आवृत्ती आली, पण बहुतेक ठिकाणी अजून ५.५.१ चालते. फाइल काढताना अक्षरांसाठी यूटीएफ-८ हा पर्याय दिसला तर तोच निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

गेडकॉम फाइलमध्ये फोटो येत नाहीत, फोटो कुठे ठेवलाय एवढंच त्यात लिहिलेलं असतं. फोटोंची प्रत वेगळी ठेवावी लागते.

ग्रॅम्प्समध्ये सुरुवात

१. इन्स्टॉल करून उघडा. 'फॅमिली ट्रीज' मेनूत 'मॅनेज फॅमिली ट्रीज' वर जा, 'न्यू' दाबून झाडाला नाव द्या आणि लोड करा.
२. डावीकडे 'पीपल' वर क्लिक करून पहिली व्यक्ती भरा. सुरुवात स्वतःपासून करा.
३. मग 'रिलेशनशिप्स' मध्ये जाऊन आईवडील जोडा. प्रत्येक व्यक्तीला आय०००१ असा आणि प्रत्येक कुटुंबाला एफ०००१ असा नंबर आपोआप मिळतो.
४. जन्म, लग्न, मृत्यू या 'घटना' म्हणून भरायच्या. गाव वेगळं भरून त्या घटनेला जोडायचं.

इथली मुख्य कल्पना समजून घ्या. ग्रॅम्प्स नवरा, बायको आणि मुलं मिळून एक 'कुटुंब' धरतं. आजोबांची दोन लग्नं झाली असतील तर दोन कुटुंबं बनवायची, म्हणजे कोणती मुलं कोणत्या आजीची ते स्पष्ट राहतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नं होतात. तेव्हा तीच व्यक्ती नव्याने भरू नका, आधीच भरलेली व्यक्ती निवडा. एकच माणूस दोन नात्यांनी जोडलेला असला तरी सॉफ्टवेअरला काही अडचण येत नाही.

दत्तक मुलासाठीही सोय आहे. मुलाचं आईशी आणि वडिलांशी असलेलं नातं 'बर्थ' की 'अडॉप्टेड' ते निवडता येतं, आणि जन्मदाते व दत्तक घेणारे असे दोन्ही आईवडील जोडता येतात.

मराठी नावं कशी भरायची?

आपलं नाव तीन भागांचं: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. नावाच्या रकान्यात मी फक्त स्वतःचं नाव लिहितो. वडील झाडात जोडलेलेच असतात, त्यामुळे मधलं नाव पुन्हा लिहायची गरज नाही. तरी पाहिजेच असेल तर ग्रॅम्प्समध्ये एकापेक्षा जास्त आडनावं भरता येतात आणि त्यातल्या एकाचा प्रकार 'पॅट्रोनिमिक', म्हणजे वडिलांवरून आलेलं, असा ठेवता येतो.

घरातलं नाव 'निकनेम' मध्ये टाका. गावाकडे माणूस बऱ्याचदा त्याच नावाने सापडतो.

बायकांची नावं गाळू नका

जुन्या वंशावळी बघितल्या तर बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली त्यांचे मुलगे. मुली नाहीत, सुना नाहीत. कुठे असल्याच तर 'कन्या' एवढाच शब्द. त्यात लग्नानंतर आडनाव बदलायचं, काही घरांत तर नावही बदलायचं. म्हणून पणजीचा माग दोन पिढ्यांत पुसला जातो.

सॉफ्टवेअरमध्ये यावर सोपा उपाय आहे. मुख्य नाव म्हणून जन्माचं, म्हणजे माहेरचं नाव भरा. मग 'नेम्स' टॅबमध्ये दुसरं नाव जोडून त्याचा प्रकार 'मॅरीड नेम' ठेवा. दोन्ही नावांनी ती व्यक्ती सापडते. घरातल्या आजीला हे काम दाखवा आणि तिच्या माहेरची माणसं तिच्याकडूनच भरून घ्या. मला सगळ्यात जास्त माहिती अशीच मिळाली आहे, कारण कोणाच्या लग्नात कोण आलं होतं हे बायकांना पाठ असतं.

तारीख नक्की माहीत नसेल तर?

'प्लेगच्या आधी', 'दुष्काळाच्या साली' अशी उत्तरं मिळतात. अंदाजाची तारीख खरी म्हणून भरू नका. ग्रॅम्प्समध्ये 'अबाउट', 'बिफोर', 'आफ्टर', 'बिट्वीन' असे प्रकार आहेत, ते वापरा.

जुन्या कागदांवर शके किंवा फसली सन असतो. शकामध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारी ते मार्चमधल्या तारखेला ७९. म्हणजे शके १८४२ हे साधारण १९२०-२१. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदांवरच्या फसली सनात साधारण ५९० मिळवा. मूळ कागदावर जे लिहिलंय ते नोंदीत जसंच्या तसं लिहून ठेवा.

माहिती कुठे शोधायची?

तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये मिळतात, यालाच कोतवाल बुक म्हणतात. जुने सातबारा आणि फेरफार स्कॅन करून भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या साइटवर टाकलेले आहेत. खूप जुने कागद मोडी लिपीत असतात, त्यासाठी मोडी वाचणारा माणूस गाठावा लागतो. त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. तुमच्या घराण्यातलं कोणी तिथे गेलं असेल तर नावं सापडू शकतात. आडनावावर छापलेला कुलवृत्तांत निघालेला असेल तर तोही बघा.

प्रत्येक माहितीला तिचा आधार जोडा. आजीने सांगितलं असेल तर 'आजीने सांगितलं, अमुक तारखेला' असं लिहा. दोन कागदांवर दोन जन्मतारखा असतील तर दोन्ही ठेवा, एक पुसू नका.

प्रायव्हसी सांभाळा

वंशावळीत जन्मतारखा आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. हेच प्रश्न कित्येक ठिकाणी ओळख पटवायला विचारतात. म्हणून जिवंत माणसांची पूर्ण माहिती फॅमिली ग्रुपवर टाकू नका. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक नोंदीजवळ कुलपाचं चिन्ह असतं, ते लावलं की नोंद खाजगी होते. एक्सपोर्ट करताना खाजगी नोंदी आणि जिवंत व्यक्तींची माहिती वगळायचा पर्याय मिळतो. घटस्फोट, दत्तक, पहिलं लग्न अशा गोष्टी त्या माणसाला विचारल्याशिवाय कोणालाही पाठवू नका. तुमच्यासाठी ती माहिती असेल, त्यांच्यासाठी ते आयुष्य आहे.

तक्ता छापणं आणि बॅकअप

'रिपोर्ट्स' मध्ये 'ग्राफिकल रिपोर्ट्स' उघडा. पूर्वजांचा तक्ता, वंशजांचा तक्ता आणि पंख्यासारखा गोल फॅन चार्ट असे प्रकार मिळतात. पीडीएफ काढताना तक्त्याच्या आकाराप्रमाणे पान मोठं करायचा पर्याय निवडा, मग कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे छापून घेता येतं. देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर फॉन्ट बदलून 'नोटो सॅन्स देवनागरी' करा.

बॅकअप घेताना ग्रॅम्प्सचं स्वतःचं पॅकेज काढा, त्यात फोटोही येतात. सोबत एक गेडकॉम फाइल ठेवा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक क्लाउडवर आणि एक घरातल्या दुसऱ्या कोणाकडे. फोन हरवतो, हार्ड डिस्क जाते, पण तीन ठिकाणी ठेवलेलं एकाच दिवशी जात नाही.

सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते पुढच्या वर्षीही डाउनलोड करता येईल. माहिती सांगणारी माणसं मात्र थांबत नाहीत. म्हणून मित्रांनो, इन्स्टॉल उद्या केलंत तरी चालेल, आजीला फोन आजच करा.