पातं राहिलं, म्यान गेलं

शस्त्रांच्या कुठल्याही संग्रहालयात जा. काचेच्या कपाटात तलवारी, कट्यारी, बिचवे, सुरे ओळीनं मांडलेले असतात. पात्याचं पोलाद कुठलं, मुठीवर काम कसलं, हे सगळं शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. पण त्यातल्या पुष्कळ पात्यांपाशी म्यान नसतं. असलं तरी राजेरजवाड्यांचं, मखमलीचं आणि चांदीच्या टोपणाचं. साध्या माणसाच्या कमरेला जे होतं ते लाकडाचं, चामड्याचं, सालीचं होतं. ते कुजलं, किड्यांनी खाल्लं, चुलीत गेलं. म्हणून चाकूचा इतिहास आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे आणि म्यानाचा फार थोडा.

खरं म्हणजे म्यान हे पात्यासाठी जितकं, त्याहून जास्त ते अंगासाठी असतं. शब्दच बघा. म्यान हा शब्द फारसीतल्या ‘मियान’वरून आला. मियान म्हणजे मध्य, आणि कंबरसुद्धा. उघडं पातं कमरेशी बाळगायचं, तर मांडी, पोट आणि शेजारी चालणारा माणूस, तिघांनाही जपायला हवं. पूर्वी आपल्याकडे शिकलगार पात्याला धार लावायचे, तर जिनगर खोगिरं करायचे आणि म्यानंही. शिकलगाराचं काम संग्रहालयात पोचलं, जिनगराचं बहुतेक वाटेतच विरलं.

एक जुनं म्यान मात्र नशिबानं वाचलं. १९९१च्या सप्टेंबरात इटली आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवर, आल्प्सच्या बर्फात एका माणसाचा देह सापडला. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. ओत्झी या नावानं तो जगभर ओळखला जातो आणि आज इटलीतल्या बोल्झानो गावच्या संग्रहालयात आहे. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याचा, ॲश झाडाच्या लाकडी मुठीचा छोटा सुरा होता. आणि त्या सुऱ्याला म्यान होतं. लिंडेन नावाच्या झाडाच्या अंतरसालीपासून विणलेलं, जेमतेम बारा सेंटीमीटर लांबीचं. आपण अंबाडी कुजवून तिचे तंतू काढतो आणि दोर वळतो, त्याच जातीचं हे काम. बर्फ नसता तर गारगोटी तेवढी उरली असती. तिला म्यान होतं, हे कुणाला कळलंही नसतं.

ओत्झीच्या म्यानातून एक नियम दिसतो: म्यान आजूबाजूला जे हाताशी असेल त्याचं होतं. उत्तर युरोपातले सामी लोक रेनडिअर पाळतात. त्यांची म्यानं रेनडिअरच्या शिंगाची आणि कातड्याची. फिनलंडच्या जंगलात बर्चची झाडं, म्हणून तिथं बर्चच्या सालीची. नेपाळी खुकरीचं म्यान लाकडाचं, वरून चामडं मढवलेलं. नागा लोकांचा दाव कमरेच्या मागे एका लाकडी ठोकळ्यात अडकवलेला असतो, चारी बाजूंनी झाकलेला नसतोच. आपल्या कोकणातही असंच. नारळीवर चढणारा किंवा रानात निघालेला माणूस कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि कोयती तिच्यात अडकवतो. दोन्ही हात मोकळे, आणि कोयती मागच्या मागे हाताला सापडते. नागा टेकड्या आणि कोकण यांच्यामध्ये अख्खा देश पसरलेला आहे. पण अडचण एक, म्हणून उत्तरही जवळपास एक.

मग प्लॅस्टिक म्यानात शिरलं कधी? त्याला कारण चामड्याचे दोष. चामडं दिसायला देखणं, पण ओल धरतं. ते कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात राहतात आणि ओलाव्याबरोबर पोलादाला खातात. म्हणून चाकू वर्षानुवर्षं चामड्याच्या म्यानात ठेवू नये असं जाणकार सांगतात. दुसऱ्या महायुद्धात हा दोष ठळकपणे पुढे आला. १९४३ साली अमेरिकेच्या सैन्यानं एम-३ नावाचा चाकू काढला. त्याला आधी चामड्याचं म्यान दिलं. पण पॅसिफिक बेटांच्या दमट हवेत चामडं बुरसतं, कुजतं. लवकरच त्याच्या जागी एम-८ हे म्यान आलं. कॅनव्हासच्या जाड कापडात प्लॅस्टिकसारखं रेझीन मुरवून ते घट्ट केलेलं होतं.

ही झाली कारखान्यातली गोष्ट. त्याच युद्धात भंगारातल्या प्लॅस्टिकचीही एक गोष्ट घडली आणि मला ती जास्त मोलाची वाटते. विमानांच्या खिडक्या आणि वैमानिकावरचं पारदर्शक छत तेव्हा प्लेक्सिग्लास नावाच्या ॲक्रिलिकचं असे. पडलेल्या, मोडलेल्या विमानांचे हे तुकडे तळांवरच्या मेकॅनिकांच्या हाती लागत. त्याच्या चकत्या कापून, एकावर एक रचून, घासून त्यांनी चाकूंच्या मुठी केल्या. कुणी मधे लाल-निळी चकती घातली, कुणी पारदर्शक थराखाली छोटासा फोटो ठेवला. ते चाकू आज संग्राहक हौसेनं जमवतात. मोडलेल्या विमानाचं प्लॅस्टिक असं माणसाच्या मुठीत आलं.

पुढचा दुवा तर योगायोगच म्हणावा असा. अमेरिकेत प्लेक्सिग्लास बनवणारी कंपनी रोम अँड हास. याच कंपनीनं १९६५ साली कायडेक्स नावाचं नवं प्लॅस्टिक काढलं, ॲक्रिलिक आणि पीव्हीसी यांचा मेळ घालून. ते विमानाच्या आतल्या भागांसाठी होतं. पण ते तापवलं की मऊ होतं, पात्याभोवती दाबलं की त्याचाच आकार घेतं आणि गार झालं की घट्ट बसतं. पट्टा नको, बटण नको, चाकू ढकलला की ‘टक्’ आवाज करून अडकतो. पिस्तुलाची खोळ करणाऱ्यांनी आणि चाकू घडवणाऱ्यांनी ते उचललं. आज महागड्या चाकूंबरोबर अशी म्यानं सर्रास मिळतात.

आता आपल्या अंगणात येऊ. कायडेक्समधला अर्धा नातेवाईक आपल्या शेतात आणि न्हाणीघरात कधीचा आलेला आहे: पीव्हीसीचा नळ. पीव्हीसी १८७२ साली जर्मनीत बाउमान या रसायनशास्त्रज्ञाला प्रथम दिसली आणि पुढची पन्नास वर्षं कुणाच्याच फारशा उपयोगी पडली नाही. आता पाइपलाइन बदलली की तिचे तुकडे बांधावर पडलेले असतात. आणि जिथं तुकडा पडलेला असतो तिथं कुणाचा तरी हात पोचतोच. नळाच्या तुकड्यात खोचलेले कोयते आणि सुरे मी पाहिले आहेत, सायकलच्या ट्यूबमध्ये सरकवलेल्या विळ्याही पाहिल्या आहेत. बर्चची साल आणि नळाचा तुकडा यांत तत्त्वाचा फरक नाही. हाताशी जे आहे ते.

अशी काही म्यानं मी स्वतःही केली आहेत. पीव्हीसी साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ होऊ लागते, म्हणजे उकळत्या पाण्यात पुरेशी मऊ होते. पातळ नळाचा तुकडा जुन्या पातेल्यात दोन-चार मिनिटं उकळायचा, जाड हातमोजे घालून काढायचा, दोन फळ्यांमध्ये दाबून चपटा करायचा. पात्याच्या जाडीची एक लाकडी पट्टी आधीच आत घालून ठेवायची, म्हणजे खरं पातं मधे आणावं लागत नाही. टोकाशी एक भोक ठेवायचं, पाणी आणि माती निघून जायला. आत वाळू राहिली तर प्रत्येक वेळी पात्यावर ओरखडा उठतो. चामड्याच्या कारागिरांची एक जुनी युक्ती इथंही चालते: धारेच्या बाजूला मधे एक जाड पट्टी घालतात, म्हणजे धार शिवणीला किंवा रिव्हेटला लागत नाही.

पण नळ तापवण्याची सर्रास दिसणारी रीत वेगळी आहे: थेट स्टोव्हवर किंवा ज्योतीवर धरायचा. इथं थांबून दोन शब्द सांगायलाच हवेत. ज्योतीवर पीव्हीसी करपली की तिच्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. घसा आणि छाती जाळणारा तो धूर बंद खोलीत फार घातक. दुसरी गोष्ट शिशाची. नळ टिकावेत म्हणून आपल्याकडे बरीच वर्षं त्यात शिशाची संयुगं मिसळली जात. केंद्र सरकारनं २०२१ साली नियम करून ती टप्प्याटप्प्यानं काढायला लावली. भंगारात येणारा नळ मात्र बहुधा त्याआधीचा असतो. म्हणून तो कोरडा घासू नये, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये, आणि भाजीच्या सुरीला असलं म्यान अजिबात करू नये.

स्वयंपाकघरासाठी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन बरा. तो पॉलिथीनचा असतो. त्याला आच लागत नाही, कापून दुमडायचा आणि रिव्हेट मारायचे. गोंद मात्र त्याला धरत नाही, त्यामुळे चिकटवण्याच्या फंदात पडू नये. प्रवासाच्या डब्याबरोबर सुरी न्यायची असेल, घरात लहान मूल असेल, तर पंधरा मिनिटांचं हे काम एखाद्या कापलेल्या बोटापेक्षा नक्कीच स्वस्त.

या म्यानांवर कुणाचं नाव नसतं. बोल्झानोतल्या त्या सालीच्या म्यानावरही नाही. मात्र एक मोठा फरक आता पडणार आहे. आजवर पातं उरायचं आणि म्यान मातीला मिळायचं. बांधावर विसरलेल्या आजच्या कोयत्याचं लोखंड गंजून मातीत मिसळेल, लाकडी मूठ वाळवी खाईल, आणि नळाचा तो चपटा केलेला तुकडा उरेल. पुढे कधी तो कुणाला सापडला, तर आत काय होतं हे त्याला आकारावरूनच ओळखावं लागेल. पण एवढं त्याला नक्की कळेल, की इथं कुणीतरी हत्यार घेऊन कामाला जात होतं, आणि संध्याकाळी धडधाकट घरी यावं म्हणून त्यानं फेकलेल्या तुकड्यातून ही सोय केली होती.