विनसॉकची निवड: जुन्या घरगुती संगणकाला इंटरनेटशी जोडणारा पूल

१/ १९९४ साल. घरात विंडोज ३.१ चा संगणक आहे, शेजारी मॉडेम आहे, फोनची जोडणीही आहे. तरीही इंटरनेट नाही. कारण इंटरनेटची भाषा, म्हणजे टीसीपी/आयपी, या विंडोजला मुळात येतच नव्हती. ती शिकवणारे सॉफ्टवेअर स्वतंत्रपणे निवडून बसवावे लागे. त्या निवडीचा हा इतिहास.

२/ मॉडेमचे काम मर्यादित होते: नंबर फिरवायचा आणि संगणकातील माहिती ध्वनिरूपाने फोनच्या तारेवरून पाठवायची. त्या माहितीची इंटरनेटला समजतील अशी पाकिटे बांधणे आणि आलेली पाकिटे सोडणे हे सॉफ्टवेअरचे काम. प्रत्येक कंपनीने ते आपापल्या रीतीने केले असते, तर प्रत्येकीसाठी वेगळा ब्राउझर लिहावा लागला असता.

३/ हा पेच 'विंडोज सॉकेट्स' ऊर्फ विनसॉक या सामायिक प्रमाणाने सोडवला. त्याची पहिली आवृत्ती जून १९९२ मध्ये आणि १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ मध्ये आली. आता खालचे विनसॉक कोणाचेही असो, वरचा ब्राउझर तोच चाले. ग्राहकाला खरी निवड मिळाली ती इथे.

४/ बाजारात नेटमॅनेज कंपनीचे 'कॅमेलिऑन' होते. १९९४ मध्ये स्प्राय आणि ओ'रायली यांचे 'इंटरनेट इन अ बॉक्स' आले: ब्राउझर, ईमेल आणि जोडणी, सारे एकाच खोक्यात. सोय मोठी, पण पैसे आधी मोजावे लागत.

५/ तिसरा पर्याय ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकाकडून आला. होबार्ट येथील टास्मानिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात काम करणाऱ्या पीटर टॅटम यांनी 'ट्रम्पेट विनसॉक' लिहिले. ते शेअरवेअर होते: आधी वापरून पाहा, पटले तर २५ डॉलर पाठवा.

६/ जुन्या संगणकाच्या मालकाला ते सोयीचे का? एका फ्लॉपीत सहज मावे. मात्र आयपी पत्ता, नेमसर्व्हरचा पत्ता हे सारे स्वतःच्या हाताने भरावे लागे. नंबर फिरवून नाव व पासवर्ड देण्याची स्क्रिप्टही बहुधा स्वतःच जुळवून घ्यावी लागे.

७/ पुढचा प्रश्न स्लिप की पीपीपी? स्लिप ही जुनी, साधी पद्धत. तीत पत्ता आपोआप ठरत नसे आणि चुकाही तपासल्या जात नसत. पीपीपी या दोन्ही गोष्टी करी. ट्रम्पेटच्या दुसऱ्या आवृत्तीत पीपीपीची सोय आली.

८/ आणि यंत्राची मर्यादा होतीच. जुन्या संगणकातील ८२५० ही सीरियल चिप एका वेळी एकच अक्षर धरून ठेवी. १६५५०ए ही चिप १६ अक्षरे धरी. मॉडेम वेगवान आणि चिप जुनी असेल, तर अक्षरे गळत आणि पाकिटे पुन्हा मागवावी लागत. अशा वेळी सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा वेग कमी करणे शहाणपणाचे ठरे.

९/ भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. येथे निवड खात्यापासूनच सुरू होई. 'शेल' खात्यात इंटरनेटचे सारे काम निगमचा संगणक करी. घरचे यंत्र केवळ पडदा आणि कळफलक. त्यामुळे डॉसवरचा साधा टर्मिनल प्रोग्रामही पुरे, पण दिसे ती फक्त अक्षरे. चित्रांसह वेब हवे, तर टीसीपी/आयपी खाते आणि विनसॉक दोन्ही आवश्यक.

१०/ त्याच महिन्यात, २४ ऑगस्टला, विंडोज ९५ बाजारात आले. त्यात टीसीपी/आयपी आणि डायल-अपची सोय अंगभूत होती. स्वतंत्र विनसॉकची गरज हळूहळू जुन्या यंत्रांपुरती उरली.

११/ टॅटम यांच्या पदरी काय पडले? ट्रम्पेट जगभर पसरले, पण २५ डॉलर न पाठवताच वापरणारे असंख्य होते. ऑस्ट्रेलियातील ओझईमेल या इंटरनेट कंपनीने तर परवानगी नाकारली गेल्यावरही, फाइलींत बदल करून, ते मासिकांसोबतच्या फ्लॉपीवर वाटले. प्रकरण ऑस्ट्रेलियाच्या फेडरल कोर्टात गेले. १९९६ मध्ये न्यायालयाने हा स्वामित्वहक्काचा भंग ठरवला: शेअरवेअर मुक्तपणे वाटता येते याचा अर्थ ते हवे तसे बदलून वाटता येते, असा नव्हे.

१२/ ब्राउझरांच्या इतिहासात मोझेइक आणि नेटस्केप यांची नावे ठळक आहेत. ज्या पुलावरून विंडोजचे घरगुती वापरकर्ते त्यांच्यापर्यंत पोहोचले, त्याचे नाव क्वचितच येते. २०११ मध्ये ही कहाणी इंटरनेटवर पुन्हा चर्चेत आली, तेव्हा अनेक जुन्या वापरकर्त्यांनी टॅटम यांना आपणहून पैसे पाठवले. पंधरा-सोळा वर्षे थकलेले ते शुल्क होते.